श्वानपालन, उत्सर्ग-समिती आणि बिदरचे पाणी

घरी कुत्रा पाळण्याची चाल आपल्या व्यापारी समाजात फार जुनी म्हणता येणार नाही. दुकानाच्या ओट्याशी येऊन बसणाऱ्या मोकाट कुत्र्यास भाकरीचा तुकडा घालावा, पर्वाच्या दिवसांत त्याचे स्मरण थोडे अधिक ठेवावे, एवढाच आपला त्याच्याशी पूर्वापार संबंध. पुढे गोदामे वाढली, डाळमिली उभ्या राहिल्या आणि राखणीसाठी कुत्रा ठेवणे गरजेचे वाटू लागले. त्यानंतर तो मुलांच्या हौसेखातर गोदामातून बंगल्यात आला. आज कलबुर्गीच्या किंवा बिदरच्या नव्या वसाहतींत पहाटे फिरावयास निघालेला गृहस्थ आणि त्याच्या हातातील साखळी हे दृश्य कोणास नवल वाटण्याजोगे राहिलेले नाही. साखळीच्या दुसऱ्या टोकास कुत्रा काय करतो आणि जे करतो ते तेथून पुढे कोठे जाते, याचा विचार मात्र त्या साखळीइतका नियमाने घराबाहेर पडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

विषय किळसवाणा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु मलमूत्र कोठे टाकावे व कोठे टाकू नये याचा ज्या परंपरेने स्वतंत्र नियम केला, त्या परंपरेतील वाचकांपुढे तो मांडताना संकोच बाळगण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समिती आपल्यापैकी बहुतेकांस पाठशाळेपासून पाठ असतात. पहिल्या चारींवर प्रवचने पुष्कळ होतात. पाचवीचा केवळ नामोच्चार होतो. वट्टकेराचार्यांच्या ‘मूलाचारा’त तिलाच प्रतिष्ठापन-समिती असे नाव आहे. तेथे सांगितलेल्या जागेची लक्षणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. जागा एकांतात असावी, जीवरहित असावी, वस्तीपासून दूर असावी, आडोशाची व प्रशस्त असावी; आणि शेवटचे लक्षण असे की तेथे कोणाचा विरोध नसावा. शेजाऱ्याच्या फाटकासमोर कुत्र्यास उभे करणाऱ्याने या शेवटच्या लक्षणावर क्षणभर थांबावे, एवढे आम्ही सुचवितो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की हा नियम मुनींचा आहे, श्रावकाचा नव्हे. हे खरे आहे. समिती हे मुनिधर्माचे अंग आहे. परंतु श्रावकाच्या व्रतांतही अनर्थदंडाचा त्याग आहे, आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या येते. प्रमादचर्या म्हणजे प्रयोजन नसताना, केवळ बेफिकिरीने, पृथ्वी, पाणी व वनस्पती यांतील जीवांस पीडा होईल असे वागणे. रस्त्याकडेस विष्ठा टाकून पुढे जाण्यात कोणाचे कोणते प्रयोजन साधते, हे आम्हांस अद्याप कोणी सांगू शकलेले नाही. दुसरा आक्षेप असा की नियम आपल्या स्वतःच्या मलाविषयी आहे, जनावराच्या नव्हे. जनावर निसर्गाने वागते. रानातल्या कोल्ह्याविषयी हे बोलणे योग्य ठरेल. पाळलेला कुत्रा मात्र आपण दिलेले अन्न आपण ठरविलेल्या वेळी खातो आणि आपण नेऊ तेथेच जातो. विवेक त्याच्या ठायी नाही, आपल्या ठायी आहे. म्हणून जबाबदारीही आपलीच.

येथे एक गोष्ट प्रसंगाने सांगून टाकतो. श्रावकाचारांत जे पंधरा निषिद्ध धंदे सांगितले आहेत, त्यांत असतीपोषण म्हणून एक आहे. नफ्याकरिता कुत्री-मांजरे यांसारखे हिंसक प्राणी बाळगणे त्यात येते. तेव्हा पिल्ले विकण्याचा व्यापार आपल्या मंडळींनी करावा काय, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. त्यात आम्ही येथे शिरत नाही. जो कुत्रा घरी आलाच आहे, त्यास उपाशी ठेवणे, आखूड दाव्याला बांधून ठेवणे वा मारणे हे अहिंसाणुव्रताचे अतिचार आहेत, याविषयी मात्र कोणाचा मतभेद असू नये.

आता पाण्याकडे वळू. आमच्या मते या भागात प्रश्नाची खरी गंभीरता पाण्यातच आहे.

बिदर शहर एका पठारावर वसले आहे आणि त्या पठाराच्या माथ्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा जाड थर आहे. जांभा दिसावयास कठीण असला तरी त्याच्या अंगात नळ्यांसारखी असंख्य छिद्रे असतात. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली उतरते. खाली चिकण मातीचा थर आणि त्याखाली काळा पाषाण लागला की त्यास पुढे मार्ग राहत नाही. मग ते आडवे सरकते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पापनाशाचे तळे, झरणी नृसिंहाच्या गुहेतील पाणी, गुरु नानक झिरा या तीन पवित्र स्थानांचे पाणी असेच पठाराच्या पोटातून आलेले आहे. भाविक झरणी नृसिंहाच्या गुहेत कमरेहून अधिक पाण्यातून चालत दर्शनास जातात. नानक झिऱ्याचे पाणी तीर्थ म्हणून घरी नेतात. पठारावर जे सांडते त्याचा अंश या ना त्या वाटेने तेथे पोहोचणार, हे भूस्तराच्या रचनेवरूनच उघड आहे.

बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात कलबुर्ग्याहून राजधानी येथे आणली, तेव्हा पाण्याची ही गुप्त वाट ओळखणारे इराणी कारागीर त्यांच्या पदरी होते. त्यांनी जमिनीखालून बोगदे खोदून झिरपणारे पाणी वस्तीस व किल्ल्यास पोहोचविले. या बोगद्यांस करेझ म्हणतात. आपल्याकडे सुरंग-बावडी असेही म्हणतात. नौबादजवळील करेझ तीन किलोमीटरांहून अधिक लांब असून, हवा-उजेडासाठी व गाळ काढण्यासाठी तिच्यावर ओळीने उभ्या विहिरींसारखी एकवीस तोंडे ठेवलेली आहेत. शतकानुशतके ही तोंडे उघडी आहेत. त्यांपैकी कित्येक कचऱ्याने बुजली होती. २०१५ च्या सुमारास जिल्हा प्रशासनाने गाळ उपसण्याचे काम हाती घेतले, तेव्हा खाली पुन्हा वाहते पाणी दिसू लागले. ज्यांनी ते बोगदे खोदले, त्यांनी तोंडाभोवतीची जमीन स्वच्छ राहील हे गृहीतच धरले असले पाहिजे. आज नौबादकडे वस्ती वाढली आहे आणि मोकळी जमीन दिसली की कुत्रा सोडावयास ती सोयीची वाटते. जांभ्याची जमीन सोयीची खरीच. तिच्यावर पडलेले पहिल्या पावसात दिसेनासे होते. मात्र ते दिसेनासे होते म्हणजे खाली जाते, नाहीसे होत नाही.

कलबुर्ग्याकडे भूमी वेगळी आहे. तेथे वर रेगडी आणि शहाबाद-सेडमच्या पट्ट्यात खाली चुनखडीचा दगड. साऱ्या महाराष्ट्रात घरोघरी बसविलेली शहाबादी फरशी ती हीच. रेगडी पाणी सावकाश मुरविते, पण उन्हाळ्यात तिला वीत-वीत भेगा पडतात आणि वळवाच्या सरीचे पाणी त्या भेगांतून तडक खाली उतरते. चुनखडीतही चिरा असतात आणि त्यांतून पाणी गाळले न जाताच पुढे धावते. कागिणेकाठचे मळखेड, जेथे अमोघवर्षाची राजधानी होती आणि जेथे आजही आपली बस्ती आहे, ते याच चुनखडीच्या प्रदेशात येते. तात्पर्य, दोन्ही जिल्ह्यांत जमीन आपले पाप पोटात घालील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आता सर्वांत प्रचलित असलेल्या गैरसमजाचा विचार करू. शेण आपण अंगणात सारवतो, गोवऱ्या थापतो, शेतात खत म्हणून घालतो. मग कुत्र्याची विष्ठाही मातीत मिसळून खतच होणार नाही काय, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. गाय कडबा खाते, त्याच रानात चरते आणि तेथेच शेण टाकते. म्हणजे जमिनीतून जे घेतले ते जमिनीस परत जाते. पाळलेल्या कुत्र्याचे अन्न घरातून अथवा दुकानातील पुड्यातून येते. त्यात प्रथिने व स्फुरद भरपूर असतात, आणि ते रानाबाहेरून आणून रानात टाकले जाते. बेल्जममधील गेंट नगराजवळील राखीव वनांत केलेले एक संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. फिरावयास येणाऱ्या कुत्र्यांमुळे तेथे दर हेक्टरी वर्षाकाठी सुमारे ११ किलो नत्र व ५ किलो स्फुरद जमिनीत पडते, असे त्यात आढळले. शेतकऱ्यास हे आकडे ऐकून आनंद होईल. पण रानातील नाजूक गवते व रानफुले कसदार नव्हे, तर हलक्या जमिनीवरच टिकतात. खत वाढले की चार दांडगी तणे माजतात आणि बाकीची झाडोरा गमावून बसतात. विष्ठा उचलली तर त्यातील बहुतेक सारे स्फुरद आणि सुमारे निम्मे नत्र टळते, असेही त्याच संशोधकांनी मांडले आहे. उरलेले नत्र मूत्रातील असते. त्यावर मनुष्याचा इलाज नाही.

खताचा प्रश्न मात्र दुय्यम आहे. मुख्य प्रश्न कृमींचा आहे. कुत्र्याच्या आतड्यात टॉक्सोकारा नावाचा गोल कृमी असतो. त्याची मादी दररोज हजारो, कधी लाखाच्या घरात, अंडी घालते आणि ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ही अंडी ताजी असताना निरुपद्रवी असतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यानंतर त्यांच्या आत अळी तयार होते आणि मग ती रोगकारक बनतात. म्हणजे विष्ठा विरघळून गेल्यावर, जागा स्वच्छ दिसू लागल्यावर, धोका सुरू होतो. ओल व सावली मिळाल्यास अशी अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फिनेल शिंपडल्याने दुर्गंधी जाते, अंडी मरत नाहीत. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून ती पोटात गेली की अळ्या आतड्याची भिंत भेदून यकृत, फुप्फुसे आणि क्वचित डोळ्यापर्यंत भटकत जातात. अमेरिकेतील पॉल बीव्हर यांनी १९५२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तीन मुलांच्या आजारावरून हा रोग प्रथम नीट ओळखून दाखविला. दुसरा आहे अंकुशकृमी. त्याची अळी मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि कातडीखाली नागमोडी लाल रेघ उमटवीत हिंडते. जिच्या दारात अनवाणी चालणे हा नित्याचा आचार आहे, त्या बस्तीच्या आवारासमोर कुत्रा बसविणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आमच्या वाचकांपैकी काहींचे समाधान येथे आडवे येईल. ते म्हणतील, आमचा कुत्रा शाकाहारी आहे. दूध, भात, चपाती यांवर वाढलेला. त्याची विष्ठा मांसाहारी कुत्र्याइतकी दूषित कशी असेल? हा समज आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे आणि त्यामागील भावना आम्हांस आदरणीय वाटते. परंतु तो खरा नाही. कच्चे मांस व आतडी खाणाऱ्या कुत्र्यास जो पट्टकृमी होतो आणि ज्यापासून मेंढ्यांच्या व माणसांच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात, त्यापासून शाकाहारी कुत्रा बव्हंशी वाचतो, एवढे खरे. गोल कृमी मात्र मातेच्या गर्भातच पिल्लाच्या शरीरात उतरतो आणि अंकुशकृमी तिच्या दुधातून. जन्मास येताना जे बरोबर आले, ते चपातीने जाणार नाही. त्यासाठी पशुवैद्याकडून औषधच द्यावे लागते. पिल्लास दोन आठवड्यांचे झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने तीन महिन्यांपर्यंत, आणि मोठ्या कुत्र्यास साधारणतः दर तीन महिन्यांनी, असा क्रम पशुवैद्य सांगतात. वेडाची लस अर्थातच वेगळी.

रानाची हानी याहून निराळ्या वाटेने होते. चिंचोळीचे अभयारण्य आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. सुमारे १३५ चौरस किलोमीटरांच्या त्या कोरड्या रानात लांडगा, कोल्हा, तरस अजून टिकून आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती अनिरुद्ध बेलसरे व अबी वनक यांनी सहकाऱ्यांसह गावच्या कुत्र्यांचे व खोकडांचे रक्त तपासले, तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांस पार्व्हो व डिस्टेंपर या विषाणूंचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेल्याचे त्यांस आढळले. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी पार्व्हो हा विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. खोकडास वा लांडग्यास वास घेऊन सीमा ओळखण्याची सवय असते. त्यामुळे सहलीस आलेल्या कुटुंबाच्या कुत्र्याने माळावर जे ठेवले त्याच्याशी त्याचे नाक अवश्य भिडणार. चंद्रमपल्लीच्या धरणावर किंवा बिदरच्या देव देव वनात कुत्रा घेऊन जाण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी तो घरी ठेवून जावे, हे अधिक बरे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहता आणखी एक बाब आहे आणि तिच्याकडे आमच्या मंडळींचे दुर्लक्ष होते. कलबुर्गीची तूर २०१९ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळवून बसली. चुनखडीच्या मातीत पिकलेल्या या तुरीची चव वेगळी, म्हणून तिला भाव. ही तूर मिलच्या आवारात फरशीवर वाळत पडते आणि रात्री त्याच आवारात राखणीचा कुत्रा मोकळा सोडलेला असतो. पहाटे हमाल झाडू फिरवितो, दोन बादल्या पाणी ओततो आणि फरशी पुन्हा तुरीसाठी तयार होते. विष्ठा कोरडी असताना खरवडून उचलणे आणि पाण्याने पसरवून गटारात लोटणे यांत महदंतर आहे. पहिल्याने ती आवारातून जाते; दुसऱ्याने ती सर्व आवारात पोहोचते, फरशीच्या सांध्यांत बसते आणि उरलेली नाल्यातून भीमेकडे निघते. राखणीच्या कुत्र्यासाठी आवाराच्या उताराकडील कोपऱ्यात, वाळवणापासून दूर, वाळूचा एक चौथरा राखून त्यास तेथेच जाण्याची सवय लावणे अवघड नाही. कुत्रा एकदा गेला त्याच जागी पुन्हा जाण्यास राजी असतो. हा त्याचा स्वभाव आपल्या सोयीचा आहे. हे काम कोणी करावयाचे, हेही मालकाने ठरवावे. हमालाच्या कामात ते गुपचूप मिसळून देणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. घरच्या कुत्र्याविषयी तर ज्याने साखळी धरली त्यानेच उचलावे.

कुत्र्यांविषयीची भूतदया आणि व्यापारी यांचे नाते या देशात जुने आहे. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू व जैनही त्यात सामील झाले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचे पांजरापोळ स्थापिले. ते स्थापण्यामागे हीच कुत्री वाचविण्याचा हेतू होता. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून ते चालविले. या हकिकतीत आम्हांस विशेष वाटते ते हे की त्या मंडळींनी कुत्री वाचविली आणि त्यांच्या राहण्याची, खाण्याची व झाडलोटीची तजवीजही केली. दया केली आणि तिचा खर्चही स्वतःच्या वहीत मांडला. आज चौकात कुत्र्यांना चपात्या टाकून गाडी पुढे नेणाऱ्याची दया खोटी नाही, पण तिचा खर्च तो इतरांच्या नावे मांडतो. मोकाट कुत्री जेथे खातात तेथेच आसपास विष्ठा टाकतात. २०२३ चे प्राणी-प्रजनन-नियंत्रण नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश यांनी खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले आहे, त्यामागील एक कारण हेच असावे. अशी जागा आपल्या पेठेत नेमून घेणे, ती रोज झाडून घेण्याचा खर्च उचलणे आणि नसबंदी व लसीकरणाच्या कामी नगरसंस्थेस हातभार लावणे, हे संघटनेच्या आवाक्यातील आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. न्यूयॉर्कने १९७८ मध्ये मालकास विष्ठा उचलणे सक्तीचे केले. प्रथम लोकांनी पुष्कळ थट्टा केली, पण काही वर्षांत ती रीतच पडली. मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत अशा मालकास ५०० रुपये दंड ठेवण्यात आला. दंडाची अंमलबजावणी किती होते, हे मुंबईचे पदपथ पाहिलेल्यास सांगावयास नको. आमच्या मते दंडापेक्षा चार प्रतिष्ठित गृहस्थ हातात कागद घेऊन चालताना दिसले, तर गल्लीची रीत लवकर बदलेल.

आता कृतीविषयी. उचलण्यास प्लॅस्टिकची पिशवी सोयीची. पण कर्नाटकात २०१६ पासून तशा पिशव्यांवर बंदी आहे, आणि एक घाण दुसऱ्या घाणीत बांधून ठेवणे तसेही शहाणपणाचे नाही. जुन्या वर्तमानपत्राची दुहेरी घडी व पत्र्याची एक लहान सुपली पुरते. रद्दीची वाण व्यापाऱ्याच्या घरी सहसा नसते. मात्र जुन्या रोजमेळाची व खातेवहीची पाने या कामी घेऊ नयेत. ज्यांचे दिवाळीस पूजन केले त्यांची अशी विल्हेवाट आमच्या वाचकांस रुचणार नाही, शिवाय त्यांवर उधारीचे आकडे असतात. उचललेले घरच्या शौचकूपात कागदाविना टाकून पाणी सोडावे. हा मार्ग सर्वांत निर्वेध. ते शक्य नसेल तर कागदात गुंडाळून नगरपालिकेच्या कचरागाडीत, झाडणाऱ्याचा हात लागणार नाही अशा रीतीने, वेगळे द्यावे.

ज्यांच्याकडे स्वतःची जमीन आहे त्यांनी पुरण्यास हरकत नाही, पण कोठे व किती खोल याचा विचार हवा. विष्ठा पचविणारे सूक्ष्म जीव वरच्या वीतभर मातीतच विपुल असतात. तेवढ्याच खोलीवर पुरावे व वर माती दाबावी. बिदरच्या जांभ्यात खोल खड्डा घेणे म्हणजे ती थेट पाण्याच्या वाटेवर सोडणे होय. विहीर, कूपनलिका, नाला व करेझची तोंडे यांपासून ती जागा दूर असावी, आणि भाजीच्या वाफ्यात तर कधीही नसावी. घरच्या खतखड्ड्यात शेणाबरोबर टाकण्याची कल्पनाही सोडून द्यावी. लहान खड्डा कृमींची अंडी मरतील इतका तापत नाही. शेवटी हात साबणाने धुवावेत, हे सांगणे नको. पण मुलांचे धुवून घ्यावेत, हे सांगितले पाहिजे.

एक सूक्ष्म शंका राहते. आमच्या एका अभ्यासू वाचकाने विचारलेली आहे, म्हणून तिचा निर्देश करतो. पुरल्याने, गुंडाळल्याने त्यातील जीवांची हिंसा होत नाही काय? प्रज्ञापनासूत्रात मनुष्याच्या मलमूत्रादि चौदा स्थानी संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती सांगितली आहे; मनुष्याच्या मलाविषयी जे सांगितले त्यावरून ओल्या मळाविषयी एकंदर सावधगिरी बाळगणे योग्यच. व्यवहारात जे डोळ्यांस दिसते ते असे की माशी ताज्या विष्ठेवर थोड्याच वेळात येऊन अंडी घालते आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. पाच मिनिटांत उचलले तर त्यात माशीची संतती नसते. संध्याकाळी उचलले तर असते. जीव उत्पन्न होऊ देऊन मग त्यांच्या हिंसेची चिंता करण्यापेक्षा उत्पत्तीपूर्वीच जागा मोकळी करणे यत्नाचाराशी अधिक जुळते. म्हणून या कामी वेळ हाच मुख्य नियम समजावा; जेथे पडले तेथेच, त्याच क्षणी.

जेथे ही सवय अद्याप लागलेली नाही, अशा आवारांसाठी पंचांगातील एक दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. उन्हाळाभर साचलेले सर्व मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर एकदम खाली उतरते. त्या पहिल्या पाण्याइतके दूषित पाणी वर्षात पुन्हा येत नाही. तेव्हा रोहिणी नक्षत्र लागले की मिलची मोकळी जागा, घरामागील परसू, बस्तीची व धर्मशाळेची आवारे आणि नौबादच्या बाजूस ज्यांचे भूखंड आहेत त्यांनी आपापल्या हद्दीतील करेझच्या तोंडांभोवतीची जमीन, कोरडी असतानाच खरवडून साफ करून घ्यावी.